सरकीचं पुढचं शीड

मोठेबाबा,

तुमचा मोबाइल माह्यापाशी हाये. मोठ्या आईनंच देल्ला, दुकानाचे फोन येतात म्हणून. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले, तरी लोक अजून तुमालेच ताडपत्रीची मापं सांगून राह्यले. मी सांगतो, मोठेबाबा गेले हो, मी त्यायचा पुतण्या पिंट्या बोलून राह्यलो. मंग तिकडून अरेरे होते, कसं काय झालं होते, अन् मंग माणूस हळूच म्हणते, "बरं, वीस बाय तीस लिहून घे." दुःख झालं की मापावर येतात. तुमालेबी हेच आवडलं असतं.

एक माप मात्र मलेच दुसऱ्याले सांगायचं होतं, अन् ते तोंडातून निंघत नव्हतं. सरकीच्या पुढच्या शिडाचं. ते परवा सांगतलं. त्याच्या आधी काय काय झालं ते तुमाले कळायले पाहिजे, कारण त्यातलं अर्धं तुम्हीच करून ठेवलं होतं.

अर्ध्या नांदुऱ्याले आजबी वाटते की सरकी ही आपल्या दोघायची थाप हाये. तर त्यायच्यासाठी सांगून ठेवतो. सरकी ही बावीस फुटाची शिडाची होडी हाये, अलिबागच्या पुढं एका खाडीत उभी राहते. आत दोन बाकडे, एक स्टोव्ह, अन् सरळ उभं राह्यलं की डोक्याले टेंगूळ. दोन माणसं चार दिवस पाण्यावर राहू शकतात. पावसाळ्यात तिकडच्या अशा होड्या काठावर काढून झाकून ठेवतात. त्या झाकायच्या ताडपत्र्यायचं माप घ्यायले तुम्ही गेलते, अन् येतानी होडीच घेऊन आले. म्हातारा मालक इकतच होता म्हणे. घरी येऊन चपला काढता काढता तुम्ही मोठ्या आईले सांगतलं, "एक होडी घेतली." ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणे, "बरं केलं. ठेवता कुठं, मोरीत?"

टपरीवर तर महिनाभर चाललं. "काऊन हो मोठे, समुद्र मलकापूरलोक आला का?"

"आला नाई बे. आपणच जाऊन राह्यलो."

सरकी हे नाव तुम्हीच ठेवलं. कापसातून निंघते, कडक असते अन् पाण्यात टाकली तर तरंगते, असं तुम्ही सगळ्यायले सांगायचे. मी एक दिवस वाटीत पाणी घेऊन मूठभर सरकी टाकून पाह्यली. अर्ध्या तरंगल्या, अर्ध्या बुडाल्या. तुमाले सांगतलं नाई. आता सांगून राह्यलो.

आपलं ठरलेलं होतं. मी मागं सुकाणू धरून बसायचं अन् तोंड चालवायचं. तुम्ही पुढं जायचं. पुढं म्हणजे अगदी टोकावर, जिथं होडी चिंचोळी होते अन् दोन्हीकडून पाणी दिसते. तिथून एक तार निंघते ती डोलकाठीच्या शेंड्याले जाते, त्या तारेवर पुढचं शीड चढते. ते चढवायचं, उतरवायचं, हूक लावायचे, सोडायचे, हे सगळं तुमचं. मी मागून समालोचन करायचो, "अन् नांदुऱ्याचे ज्येष्ठ ताडपत्रीसम्राट आता टोकाकडे रवाना होऊन राह्यले हायेत!" तुम्ही हात हलवायचे. हसायचे का नाई ते मले दिसायचं नाई, तुमची पाठ राहायची माह्याकडं.

मागच्या हंगामात ते शीड फाटलं. उन्हानं धागा कुजला होता, शिवण उसवत गेली. काठावरच्या माणसानं सांगतलं, शीड शिवणारे पाटकर म्हणून हायेत, त्यायले दाखवा. तुमाले ते लागलं. "चाळीस वर्ष शिवून राह्यलो मी. ट्रकवर शिवलं, कांद्यावर शिवलं, मंडपावर शिवलं. अन् एक तिकोनी तुकडा दुसऱ्याकडून शिवून घेऊ?"

मंग आपण ते फाटकं शीड नांदुऱ्याले आणलं. कापसाच्या जिनिंगच्या ओट्यावर पसरवलं. चारी बाजूनं ताणलं, कोपऱ्यावर इटा ठेवल्या, खडूनं रेघ मारली. कापडाले एक सुरकुती दिसली की तुम्ही इट सरकवायचे. दुकानातल्या सलीमभाईनं शिलाई मशीन मारली. तयार झालं ते शीड असं सपाट होतं की त्यावर कॅरम खेळता आला असता. तुम्ही त्याच्या भोवती फिरून पाह्यलं अन् म्हणले, "एक थेंब थांबणार नाई याच्यावर."

खरंच थांबला नसता. हवाबी नाई थांबली. सरकीवर चढवलं तर होडी एका कुशीवर कलंडली अन् खेकड्यासारखी आडवी चालू लागली. जेटीवर जाळं निवडत बसलेला एक कोळी ओरडला, "काका, ह्ये शीड न्हाय, खिडकीचा पडदा हाय!" मी हसलो. तुम्ही हसले नाई. तवाच पाटकरांकडं गेलो.

पाटकर काय बोलले ते मले पाठ हाये, आवाजासकट. चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणले, "काका, तुमचं शिवणकाम माझ्यापेक्षा सुंदर आहे. पण ताडपत्रीला पोट आलं तर ती वाया गेली. शिडाला पोट नाही आलं तर ते वाया गेलं. पट्ट्यांच्या कडा बाकदार कापायच्या. बाक बाकाला जोडला की कापड आपोआप खोलगट होतं. हवा त्या पोटातून वळते, म्हणून होडी पुढे जाते."

येतानी गाडीत तुम्ही खिडकीशी बसले. मनमाड गेलं, भुसावळ गेलं, तुम्ही बोलले नाई. मी चार माणसायचे आवाज काढून पाह्यले, तरी नाई. मलकापूर सुटल्यावर म्हणले, "म्हणजे पोट येऊ नये म्हणून मी जे जे केलं, ते उलटं केलं तर शीड होते." तुमचा चेहरा वाईट वाटलेल्या माणसाचा नव्हता. पहिल्यांदा सायकल उघडून पाहणाऱ्या माणसासारखे दिसत होते तुम्ही. घरी येऊन ताट पुढं आल्यावर हातानं दाखवून दाखवून मोठ्या आईले सांगतलं, सरळ कापडातून गोल कसं निंघते ते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ब्लाउजले टक्स घालतात तसंच ना?"

तुम्ही घास हातात धरून तिच्याकडं पाहत राह्यले. "तुले माहीत होतं?"

"बायायले सगळ्यायलेच माहीत असते. तुम्ही इचारलं कवा?"

तर आता शीड पाटकरांकडूनच शिवायचं ठरलं. पण कोन्तं? इथून आपलं भांडण सुरू झालं, अन् ते तुम्ही अर्ध्यात टाकून गेले.

एक होतं मोठं. डोलकाठीच्या मागलोक येणारं, तारेभोवती आपोआप गुंडाळलं जाणारं. मागं बसल्या बसल्या दोरी ओढली की गुंडाळलं, सोडली की उघडलं. मंद हवेत मस्त ओढते. जोराच्या हवेत अर्धं गुंडाळलं की मात्र त्याचा आकार बिघडते, बोचक्यासारखं होते. दुसरं होतं लहान. डोलकाठीलोकच येणारं, हूकानं तारेवर लावायचं. त्याचं पोट शेवटलोक नीट राहते, होडी वळवायले सोपी. पण लावायले अन् काढायले दर खेपले कोणीतरी टोकावर गेलंच पाहिजे.

मी म्हणलं मोठं. तुम्ही म्हणले लहान.

"मोठेबाबा, सगळं जग गुंडाळणारं वापरते आता."

"अन् अडकलं मंग?"

"मशीन हाये ती. अडकत नाई."

"मशीन अडकत नाई असं म्हणणारा माणूस मशीनवर बसलाच नाई कधी. सलीमभाई, याले जरा तुह्या मशीनवर बसव."

सलीमभाई म्हणे, "मले यात घेऊ नका, मी पोहता न येणारा माणूस."

सात-आठ महिने चाललं हे. मी तुमाले हवेचे आकडे दाखवले, मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, तिकडच्या माणसायचे दाखले देल्ले. तुम्ही सगळं पाहायचे, मन लावून पाहायचे, अन् शेवटी म्हणायचे, "लहानच." काऊन, तर सांगायचे नाई. ताडपत्रीचा रंग निळाच काऊन, दोरी ओवायचा डोळा चार फुटावरच काऊन, हे तुम्ही गिऱ्हाइकाले न इचारता अर्धा तास सांगायचे. अन् इथं नुस्तं लहानच. मले राग यायचा. त्याच्यावून जास्त मले समजून घ्यायचं होतं. याच्यात काई तरी हाये जे हा माणूस लपवून राह्यला, असं वाटायचं.

पण मी काय शोधतो? मी नकलाकार. मले माणूस दिसला की तो कसा चालते, कसा खोकलते, कोन्त्या अक्षरावर अडते, हे पहिले दिसते. काऊन तसा चालते, हे मी कवाच इचारलं नाई.

डोणगावले सोनूताईच्या साखरपुड्यात मी तुमची नक्कल केली. सगळ्यायनंच आग्रह केला, तुम्हीबी केला. तुमची चाल केली. चालता चालता मधीच थांबायचं, कमरेवर हात ठेवायचा अन् समोर जे असन ते पाहायचं. भिंत असली तर भिंत, खांब असला तर खांब. जसं काई खांबाचं माप घेऊन राह्यले. मंडप हसून हसून लोटपोट. तुम्ही सगळ्यात जास्त हसले, इतके की खुर्चीवर बसा लागलं. मी अजून खूश.

तुम्ही गेल्यावर डॉक्टर धाकट्या काकायले इचारत होते, दम कवापासून लागत होता यायले? काकायनं माह्याकडं पाह्यलं. मी मोठ्या आईकडं पाह्यलं. ती म्हणे, "दीड वर्ष. कोणाले सांगू नको म्हणले होते."

खांब पाहत नव्हते तुम्ही. मी ती चाल किती लोकायसमोर केली, मोठेबाबा. एकदम बरोब्बर केली. श्वास घ्यायले लागायचा तितकाच वेळ थांबायचो.

याची माफी मागू म्हणलं तर मले तुमचं हसणं आठवते. ते खरं होतं का मले झाकायले होतं? हे आता कोणाले इचारू?

बरं, पुढचं ऐका. तुमची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तुमचा मोबाइल वाजला. पाटकर. त्यायले काईच माहीत नव्हतं.

"काका, गणपती झाले, आता कापड टेबलावर घेतोय. काय ठरलं तुमचं?"

मी सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं, अन् तुमचा आवाज निंघाला. "हाव, बोला पाटकर."

सवय हो. तुम्ही नसले की तुमच्या आवाजात फोन उचलायचा, हा माहा सहा वर्षाचा धंदा. तुमाले माहीत होतं. पण आता कायले केलं ते मले आजबी सांगता येत नाई. थोडा वेळ एका तरी माणसासाठी तुम्ही असावे, असं वाटलं असन.

पाटकर बोलत सुटले. "त्या दिवशी तुम्ही पुतण्याचं सांगितलंत, त्यावर विचार केला मी. तो पुढे जायला घाबरतो, तोंडाने सांगत नाही, भीती वाटली की नकला करतो, म्हणालात. म्हणून हूकवालं हवं, म्हणजे त्याला जावंच लागेल. पण काका, पटत नाही मला. घाबरणाऱ्याला ढकलू नये. आणि पुढच्या हंगामात तुम्ही बरोबर असाल की नाही सांगता येत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? मग गुंडाळणारंच घ्या. बसून राहील मागे सुखाने."

 माह्यापाशी गावातल्या साठ-सत्तर माणसायचे आवाज हायेत, त्यातला एक आला नाई. शेवटी तुमच्याच आवाजात कसंतरी म्हणलं, "सांगतो," अन् ठेवला.

मागं वळलो तर मोठी आई दारात उभी. हाताले कणीक. दुकान अन् स्वयंपाकघराच्या मधी नुस्तं एक दार, तुमाले माहीतच हाये. तिनं सगळं ऐकलं होतं. तुमचा आवाज ऐकून आली होती. मले वाटलं आता ही रडते का मारते. ती उलट्या हातानं डोळे पुसत म्हणे, "त्यायचा आवाज इतका बारीक नव्हता."

मंग खुर्चीवर बसली. म्हणे, "अजून एकदा काढशीन?"

मी म्हणलं, "नाई निंघणार आता."

"बरं झालं. काढला असता तर मी ऐकत बसली असती."

तासाभरानं पाटकरायले परत फोन केला. सांगतलं, मोठेबाबा गेले, अन् मघाशी मीच होतो. चुकलं माहं.  मले वाटलं पाटकर आता फोन ठेवतीन. मंग म्हणले, "वाटलंच मला. काका माझं बोलणं एवढा वेळ मध्ये न तोडता ऐकत नाहीत."  मंग कामावर आले. येत्या रविवारपर्यंत सांगा, नाईतर कापड दुसऱ्या होडीसाठी कापतो अन् हंगाम जाते. अन् पुढच्या तारेचं माप परत घ्या. "काकांनी पाठवलंय, पण मी एका मापावर कापत नाही."

इकडं मोठ्या आईचं वेगळंच. "शीड घेत नसशीन तर होडी इकून टाकू. तिकडचं एक गिऱ्हाईक इचारून राह्यलं. बिनशिडाची होडी पाण्यात कुजवायची कायले?" बरोबर होतं तिचं. म्हणजे रविवारपर्यंत शीड नाई ठरलं तर सरकी गेली. अन् शिडासाठी माप पाहिजे, अन् माप घ्यायले टोकावर जावा लागते.

मले पोहता येते, मोठेबाबा. शाळेमागच्या विहिरीत शिकलो. पण विहिरीले चारी बाजूनं काठ असते. टोकावर गेलं की पायाखालची होडीबी संपते. हे मी तुमाले कधी बोललो नाई. तुमाले कसं कळलं, ते तरी सांगा लागत होतं.

जायचं ठरलं तवा मोठी आई म्हणे, "मीबी येते."

काकू म्हणे, "अहो ताई, इतल्यात? लोक काय म्हणतीन?"

"लोकायले म्हणा, इकायची वस्तू पाहून इकावी. मी दाणे घेतले तरी पाहून घेते."

सहा वर्षात तुम्ही तिले एकदाबी नेलं नाई. तिनंबी म्हणलं नाई. काऊन, हे मी गाडीत तिले इचारलं. ती म्हणे, "त्यायनं इचारलं असतं तर मी नाईच म्हणली असती. म्हणून त्यायनं इचारलं नाई, अन् म्हणून मले राग होता." तुमचा संसार मले आता थोडा थोडा समजून राह्यला.

पाऊस सरला म्हणून सरकी पाण्यात सोडून जेटीले बांधलेली होती. मोठ्या आईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, माहा खांदा धरला अन् उतरली. आत डोकावून पाह्यलं. भांडी पाह्यली, बाकडं पाह्यलं. तुमची चहाची गाळणी पाह्यली. "हीच मी घरात दोन वर्ष शोधली," म्हणे. मंग मागं सुकाण्यापाशी बसली, माह्या जागेवर.

काम सोपं होतं. टेपचं एक टोक शीड चढवायच्या दोरीले बांधायचं, दोरी मागून मोठ्या आईनं ओढायची, टेप डोलकाठीच्या शेंड्यालोक वर जाईन. अन् मी टोकावर जाऊन खालचा आकडा वाचायचा. मी डोलकाठीलोक गेलो. तिथून पुढं सहा-सात फूट. भरती होती, होडी हलत होती. मी थांबलो, कमरेवर हात ठेवला अन् डोलकाठी पाहू लागलो. लक्षात आलं तसा तिथंच बसलो. मंग बसूनच सरकत गेलो, लहान लेकरू ओसरीवरून सरकते तसा.

टोकावर दोन पट्टे बांधलेले होते. ट्रकची ताडपत्री कसायचा असते ना, तोच निवारपट्टा, दोन्ही टोकाले हूक. एक हूक होडीच्या कड्यात, दुसरा माणसाच्या कमरेले. मागं बसून ते मले कधी दिसले नव्हते, तुमची पाठ मधी यायची. एक पट्टा वापरून वापरून मऊ पडला होता. दुसरा कोराच होता. धागा अजून कडक. शिवण तुमची, तीनदा मारलेली, जशी तुम्ही नुस्त्या कोपऱ्याले मारायचे, जिथं सगळ्यात जास्त ताण येते.

मी कोरा कमरेले लावला. बरोब्बर बसला. माहं माप तुम्ही कवा घेतलं?

"काय झालं रे?" मागून मोठी आई. "आवाज येऊन नाई राह्यला तुहा. नाई तं गप बसत नाईस."

"काई नाई."

"भेव वाटते का?"

माह्या तोंडावर पाटकरायचा आवाज आला होता, कोळ्याचा आला होता, डॉक्टरचा आला होता. मी म्हणलं, "हाव. लय."

"त्यायलेबी वाटे. इकडं यायच्या आदल्या दिवशी जेवत नव्हते. पोट बिघडलं म्हणायचे." तिनं दोरी ओढली, विहिरीतून घागर ओढते तशी, हातावर हात. "सांग लवकर आकडा, दोरी हाताले काचून राह्यली."

मी पाण्याकडं पाह्यलं. भरतीचं पाणी टोकाले लागून दोन भाग होत होतं, एक इकडून, एक तिकडून, अन् एक बारीक आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा. सहा वर्ष मी याच होडीवर होतो अन् हा आवाज मले माहीत नव्हता. तुम्ही काम झाल्यावरबी तिथं जरा जास्तच बसायचे, मी मागून हाका मारायचो. दमासाठी बसायचे का यासाठी, काय माहीत. दोन्ही असन.

आकडा सांगतला. तिनं संग आणलेल्या तुमच्या मापाच्या वहीत पाह्यलं. "चुकलं. परत वाच."

परत वाचला. तोच.

"यायच्या वहीत चार बोटं कमी हाये."

मंग ती एकदम हसाले लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. इतकी हसली की दोरी सुटली अन् टेप सरसर खाली माह्या डोक्यावर. "अरे, यायनं इथंबी चार बोटं कापले! जन्मभर असंच लिहिलं यायनं. ताडपत्री दोरीनं ताणली की वाढते, म्हणून चार बोटं कमी लिहायची. सवयच ती. घराच्या पडद्यायलेबी तसंच केलं, दोन्ही खिडक्यायचे पडदे आखूड!"

म्हणजे पाटकरांनी तुमच्या मापावर कापलं असतं तर आयुष्यभर शीड तोकडं राह्यलं असतं, मोठेबाबा. शिडाले पोट पाहिजे हे शिकले, पण बोटं नाई सुटली तुमची.

जेटीवर येऊन मी फोन लावला. पाटकर म्हणले, "काय ठरलं?"

"लहान. हूकवालं."

"म्हणजे काकांचंच ऐकलंत. माझं म्हणणं अजून तेच आहे हं, गुंडाळणारं सोपं पडेल."

"सोपं पडन. पण ते घेतलं तर मले पुढं जायचं कामच राहणार नाई. अन् मले अजून दोन-चार गोष्टी पाहायच्या हायेत तिथं." मंग तारेचं माप सांगतलं.

पाटकर लिहिता लिहिता थांबले. "हे काकांच्या मापापेक्षा जास्त आहे."

"हाव. चार बोटं. ते चुकले होते."

मोठी आई बाजूले दगडावर बसून पायाची रेती झटकत होती. म्हणे, "असं पुटपुटू नको. जोरात सांग. जिथं असतीन तिथं ऐकू गेलं पाहिजे."

तवा खाडीकडं तोंड करून जोरात सांगतलं. तुमचं काई सांगता येत नाई, मधीच बोलणं तोडायची सवय, ऐकलं नसन. म्हणून लिहूनबी ठेवतो. चार बोटं, मोठेबाबा.